बीईनंतरचा डिप्लोमा

कोरोनात भारतातून येणारी-जाणारी विमानं बंद होती तेव्हाची गोष्ट. मी सिडनीत पेंडल हिलला राहत होते, खोलीत बसूनच आयटीचं काम करत होते, आणि डॉक्टर व्हायचं मनात घेतलं होतं. इथे पदवीनंतरही मेडिकलला जाता येतं. पण मी बायोलॉजी अकरावीलाच सोडलेली, त्यामुळे आधी वर्षभर पाया पक्का करायला हवा होता. दोन कोर्स समोर होते. एक टूवूंबा या लांबच्या गावच्या विद्यापीठाचा ग्रॅज्युएट डिप्लोमा, म्हणजे पदवीनंतरचा : बायोलॉजी, केमिस्ट्री अगदी पहिल्यापासून, लॅबसकट. दुसरा ऑनलाइन, बराचसा प्रवेशपरीक्षेचा सराव, पण त्याच्या नावात ‘प्री-मेडिकल’ होतं.

“तुला आता केमिस्ट्रीचं साधं समीकरण बॅलन्स करता येत नाही,” माझी रूममेट म्हणाली. “नाव काय चाटायचंय? टूवूंबाला जा. फक्त आधी गाडी शीक, तिथे बसबिस फारशी नाही.”

मला पटलं होतं. तरी रविवारी व्हिडिओ कॉलवर बाबांना विचारलंच. बाबा आमच्या तालुक्याच्या कॉलेजात शिपाई. घरातली पहिली पदवी माझी. ती मिळावी म्हणून ते कुणाकुणाच्या दारात उभे राहिले, ते मी पाहिलं आहे.

“डिप्लोमा?” ते म्हणाले. “बीई झाल्यावर डिप्लोमा?”

आमच्याकडे डिप्लोमा दहावीनंतरचा. पदवी घेऊन तिकडे जाणं म्हणजे उलटं चालणं. मी इथली पद्धत समजावली. “तुला कळतं बाई,” ते म्हणाले, पण चेहरा पडलाच.

तेवढ्यात शेजारच्या काकू दारात आल्या. “काय म्हणते लेक?”

“मेडिकलला लागली,” बाबा म्हणाले. माझ्याकडे न बघता.

“अगं बाई, डॉक्टरीण!” काकूंनी मास्क खाली ओढला. “मग सांग गं, ह्यांचं ऑक्सिजन सकाळपासून नव्वदच्या खाली दाखवतंय. घरीच पालथं झोपवू का?”

मी कुठेच लागलेले नाही, एवढं एक वाक्य पुरे होतं. बाबांकडे बघून मी ते टाळलं. “लगेच दवाखान्यात न्या,” मी म्हणाले. कुणीही हेच सांगितलं असतं. काकूंनी फोनला हात जोडले. लहानपणी माझ्या वेण्या घालणाऱ्या बाई त्या.

“बरोबरच सांगितलंस की,” फोन ठेवल्यावर रूममेट म्हणाली.

“आणि त्यांनी गोळी कुठली देऊ असं विचारलं असतं तर?”

त्याच आठवड्यात मी टूवूंबाला अर्ज केला.

काका बरे होऊन घरी आले. बाबांनी काकूंना मुद्दाम बोलावून फोनपुढे उभं केलं. “डॉक्टरीणबाई,” त्या म्हणाल्या, “तू होतीस म्हणून...”

“काकू, मी डॉक्टर नाही. मेडिकलला पण नाही. आता डिप्लोमा करणार, मग परीक्षा देणार, मग लागले तर लागले.”

काकू म्हणाल्या, “असू दे की. पण मग तुझे बाबा हे काय सांगत सुटलेत गल्लीभर?” आणि हसल्या. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं.

फोन बाबांच्या हातात होता. तो हळूहळू खाली गेला. आधी त्यांचा सदरा दिसला, मग फरशी. खरं बोलल्यावर तरी माझी लाज जाईल असं मला वाटलं होतं.

“बाबा,” मी म्हणाले. “बाबा, ऐकताय ना?”

फरशी तशीच दिसत राहिली.