खिरीची वाटी आणि बुवा

जुईनगरच्या त्या सोसायटीत कुजबूज होती की शर्मिला बुवाच्या नादी लागलीय. बौद्धांचं घर आणि बुवा! बातमीला याहून चांगली फोडणी कुठून मिळणार? पुरावाही होता. बुद्धपौर्णिमेला पोरीपुढे आलेली खिरीची वाटी तिनं परत केली, आणि भर मे महिन्यात पंखा बंद करून पोरीला ब्लँकेटमध्ये गुंडाळलं.

वाटी शेजारच्या जाईबाईंची. त्यांच्या खिरीला आजवर कुणी नाही म्हटलं नव्हतं. निदान तोंडावर तरी.

"नवस बोललीस काय गं?"

"मावशी, उद्या स्कॅन आहे. आज गोड बंद. गारवाही लागू द्यायचा नाही, नाहीतर फोटोत भलतंच चमकतं."

"खिरीनं स्कॅन बिघडतो? आमी नाय ऐकलं कधी!" म्हणत जाईबाई निघाल्या. त्या दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत बुवाला दाढीसुद्धा फुटली.

शर्मिलाला दाढीची पर्वा नव्हती. अकरा वर्षांच्या संघप्रियाच्या मानेत आणि छातीत लिम्फोमाच्या गाठी होत्या. केमोच्या दोन फेऱ्या झाल्या होत्या. स्कॅनमध्ये गाठी विझलेल्या दिसल्या नाहीत तर छातीला रेडिएशन द्यावं लागणार होतं. त्यानं आजार हटतो, पण पुढे वीस वर्षांनीही हृदयाला त्रास होऊ शकतो, हे डॉक्टरीणबाईंनी लपवलं नव्हतं. तेव्हापासून शर्मिला पोरीच्या एकतिसाव्या वर्षाची काळजी करत होती.

दोन दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी जुना आणि नवा स्कॅन शेजारी-शेजारी लावला. जुन्यात मानेपासून छातीपर्यंत दिवेच दिवे; स्कॅनआधी टोचलेली साखर गाठींनी ओढून घेतलेली. नव्यात तिथे शांत काळोख. शर्मिला बघतच राहिली. जिला नऊ महिने पोटात वाढवलं, तिच्या आत असं डोकावता येतं? आतली आग विझलेली दिसते? तिचे हात आपोआप जोडले गेले. यंत्राला, डॉक्टरीणबाईंना की पोरीला, ते तिलाही कळेना.

मग ती दचकली. "पण डोकं अजून पेटलेलंच दिसतंय!"

"तो मेंदू. त्याला साखर लागतेच. तो चमकायलाच हवा."

"बघ आई, आहे मला," संघप्रिया म्हणाली. "आता खीर?"

"खा," डॉक्टरीणबाई हसल्या. "रेडिएशन नको. राहिलेला केमो मात्र पूर्ण करायचा."

संध्याकाळी जाईबाई ताजी खीर घेऊन हजर. "बुवानं सोडवला वाटतं उपास?"

"सोडवला की. साडी नेसून बसले होते बुवा."

बुवा कुणीच नव्हता. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी संघप्रियाचा पेट स्कॅन होता, आणि त्याआधी गोड खायचं नव्हतं.