गाडी अ‍ॅव्हरेज देत नाही

आमच्या घरात बाबाच्या शुगरपेक्षा त्याच्या गाडीच्या अ‍ॅव्हरेजची चौकशी जास्त व्हायची. येणारा-जाणारा ओटीवर टेकला की आधी तेच विचारायचा, आणि बाबाही स्वतःच्या तब्येतीचं सोडून तेच सांगत बसायचा. "गारी आवरेज देत न्हाय." आमच्या भिवंडीजवळच्या काल्हेर गावच्या बोलीत गाडीची गारी होते. मी कॉलेजात जाऊन गाडी म्हणायला शिकले होते, पण घरात पाऊल टाकलं की माझीही गारीच व्हायची.

ही गाडी म्हणजे एक छोटी पिकअप, पेट्रोलवर आणि गॅसवर दोन्हीवर चालणारी. स्टेअरिंगच्या बाजूला एक बटण होतं. एकीकडे दाबलं की गॅस, दुसरीकडे दाबलं की पेट्रोल. दोन हजारच्या दशकातली ती शेवटची वर्षं. गावातल्या भाताच्या शेतांवर गोडाऊनं उभी राहिली होती आणि घरोघर भाडं येत होतं. पुरुषमाणसांना काम असं उरलंच नव्हतं. माझा काका गळ्यात जाड साखळी घालून नाक्यावरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत दिवस काढायचा आणि त्याला बिझी आहे म्हणायचा. बाबालाही तसं बसता आलं असतं. पण त्याने अर्धं आयुष्य दुसऱ्यांचे टेम्पो चालवण्यात घालवलं होतं. हातात पैसे आल्यावर त्याने स्वतःची गाडी घेतली आणि पुन्हा कामाला लागला. लोक हसले. गोडाऊनचा मालक होऊन हा माल वाहतो, म्हणाले. बाबाला त्याचं काही नव्हतं.

सकाळी तो गोडाऊनमधून सुताच्या गोणी भरायचा आणि भिवंडीत धामणकर नाक्याकडच्या यंत्रमागाच्या कारखान्यांवर उतरवायचा. परतताना कापडाचे तागे. कधी अंबाडीपर्यंतची फेरी. माझं कॉलेज भिवंडीत, म्हणून सकाळी मी त्याच्या डाव्या बाजूच्या सीटवर. बाबा घरात फारसा बोलायचा नाही, पण गाडी सुरू झाली की त्याला कंठ फुटायचा. कुठल्या लूमवाल्याची बायको माहेरी गेली, कुठल्या पुलावर कसा खड्डा पडलाय, सगळं मला सांगायचा. माझा बाबा मला मिळाला तो त्या गाडीत. म्हणूनच ते सगळं आठवताना अजून त्रास होतो.

अ‍ॅव्हरेज हा शब्द आमच्याकडे माणसाच्या स्वभावासारखा वापरतात. गाडी देते किंवा देत नाही, गाय दूध देते तसं. आमची गाडी सुरुवातीला छान द्यायची. एकदा गॅस भरला की दोन दिवस बघायला नको. मग हळूहळू दुसऱ्या दिवशी दुपारीच काटा खाली यायला लागला आणि संध्याकाळी बाबा पेट्रोलवर घरी येऊ लागला. गॅसचा पंप लांब ठाण्याकडे, तिथं रिक्षांची ही भली मोठी रांग. बाबा रांगेत उभा राहून वैतागायचा आणि घरी येऊन आमच्यावर काढायचा.

मग गाडीवर उपचार सुरू झाले. पंपवाला प्रेशर कमी देतो म्हणून पंप बदलला. प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, टायरात हवा जास्त भरून पाहिली. काकाने सांगितलं, गॅसवर गाडी मरतेच, पेट्रोलवर चालव. पेट्रोलवर चालवली तर तिथंही तेच. आईने नजर उतरवली. ती गाडीवरून मीठ-मोहरी ओवाळत होती तेव्हा मी हसले, तर तिने तो हात माझ्यावरूनही फिरवला.

गॅरेजवाला उत्तर प्रदेशातला होता, गॅसच्या गाड्यांचं ट्युनिंग करणारा. त्याने किट उघडून पाहिलं, क्लचप्लेट काढून पाहिली. प्लेट वेळेआधीच जळाली होती. नवी टाकताना तो सहज म्हणाला, "चाचा, क्लच पे पाँव रखके चलाते हो क्या? उससे प्लेट भी जलती है, गॅस भी ज्यादा खाती है."

बाबाचा चेहरा असा झाला की मी घाईने बाहेर रस्त्याकडे पाहायला लागले. क्लचवर पाय ठेवून तर शिकाऊ पोरं चालवतात. ज्याने घाटातून लोडचे टेम्पो उतरवले त्याला हे विचारणं म्हणजे सुगरणीला मीठ विसरलीस का विचारण्यासारखं. बाबाने गाडी घेतली, गॅरेज बदललं, आणि वाटभर त्या माणसाला शिव्या दिल्या. दुसऱ्या गॅरेजात काही महिन्यांनी पुन्हा क्लचप्लेट गेली. बाबा म्हणाला, हल्ली मालच डुप्लिकेट येतो.

मग बाबा तापाने आडवा झाला. माल तर पोचवायचाच होता, म्हणून आठवडाभर गाडी काकाने चालवली. काकाला काम करताना पाहायला आम्ही सगळे ओटीवर यायचो आणि तोही आमच्यासाठी जरा जास्तच हॉर्न वाजवायचा. आठवडा संपला तशी त्याने चावी आणून बाबाच्या उशाशी ठेवली. अगदी खुशीत होता.

"दादा, गारी सुदारली," तो म्हणाला. "काय झकास आवरेज देते. दोन दिस गॅसला बगायला नको. तुजी ती नवी प्लेट बसली वाटतं."

आईने देवाला हात जोडले. मी म्हटलं, सुटलो एकदाचे. सगळे बोलत होते. बाबाने चावी उशाखाली सरकवली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मला वाटलं, ताप पुन्हा चढतोय. मी कपाळाला हात लावून पाहिला, तर ते गार होतं.

बरा झाल्यावर तो पुन्हा कामाला जाऊ लागला, आणि गाडी पुन्हा पहिल्यासारखी गॅस खाऊ लागली. या वेळी मात्र त्याने कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलं की "बरी हाय" म्हणायचा. मला ते बरं वाटलं. रोजची ती रड ऐकून मी कंटाळले होते.

एका रविवारी तो मला म्हणाला, "चल, जरा जाऊन येऊया." आम्ही एका गोडाऊनच्या मागच्या मोकळ्या अंगणात गेलो. सुट्टीचा दिवस, शटर बंद, चिटपाखरू नव्हतं. मला वाटलं, आता हा मला गाडी शिकवणार. मी मनातून खूश झाले. बाबाने गाडी चालू ठेवली आणि मला म्हणाला, "तू खाली बस. सीटवर न्हाय, खाली. माज्या पायाकडं बग."

मी सीटच्या पुढच्या जागेत उकिडवी बसले. त्याने दोन-तीनदा गिअर टाकला, गाडी थोडी पुढं नेली, मागं आणली. मग थांबला. त्याचं तोंड समोर काचेकडे होतं.

"आता सांग," तो म्हणाला, "माजा डावा पाय कुठं हाय?"

मला प्रश्नच कळला नाही. "म्हंजे काय?"

"क्लचवर हाय का खाली हाय?"

पाय क्लचवर होता. दाबलेला नव्हता, नुसता टेकलेला. माणूस कट्ट्यावर बसून पाय ठेवतो तसा, अगदी निवांत.

"क्लचवर हाय बाबा."

"मना वाटला खाली हाय," तो म्हणाला.

त्याने पाय उचलला आणि पुन्हा विचारलं. मी सांगितलं. पुन्हा विचारलं. कधी त्याचं बरोबर यायचं, कधी चुकायचं. मी त्याच्या पावलाला हात लावला, मग जरा जोरात चिमटा काढला. तो समोरच पाहत होता. त्याला कळलंच नव्हतं. मी किती वेळ तिथं खाली बसून होते मला आठवत नाही. वर बघायची हिंमत होत नव्हती. त्याने कधी माझ्याकडे साधा पेन मागितला नव्हता, आणि आता तो स्वतःचा पाय कुठं आहे ते मला विचारत होता.

शुगरने तळव्यांची जाणीव जाते हे मला ठाऊक नव्हतं. त्याला बहुतेक होतं, किंवा निदान काहीतरी उमगलं होतं. पण कुणाजवळ बोलायची सोय नव्हती. बोलला असता तर घरच्यांनी आधी चावी काढून घेतली असती. त्याने मला एवढंच सांगितलं, "आईला बोलू नको."

मी बोलले नाही. त्याऐवजी आम्ही एक पद्धत काढली. मी डाव्या सीटवर बसायची आणि नजर त्याच्या पायावर ठेवायची. गिअर पडला आणि पाय तिथंच राहिला की म्हणायचं, "पाय." तो उचलायचा. काल्हेरपासून धामणकर नाक्यापर्यंत मी पाय, पाय करत जायची. त्याच्या गप्पा बंद झाल्या, कारण बोलता बोलता माझं लक्ष जायचं. कॉलेज सुटलं की मी थेट त्याच्या गाडीवर यायची आणि परतीच्या फेरीलाही तेच. मैत्रिणी म्हणायच्या, किती लाड करते बाबाचे. गाडीचं अ‍ॅव्हरेज सुधारलं. खरंच सुधारलं. गॅस पुन्हा दोन दिवस पुरायला लागला. काका सगळ्यांना सांगत सुटला की त्यानेच त्या गाडीला वळण लावलं. आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता ऐकून घ्यायचो. खोटं कशाला सांगू, त्या दिवसांत मला थोडा अभिमानही वाटायचा. वाटायचं, असंच चालेल.

पण मी एकच पाय पाहत होते. नाक्यावर एकदा नेहमीसारखा ट्रॅफिक तुंबला होता. बाबाने जराशा उतारावर ब्रेक मारून गाडी थांबवली होती. पुढे शेअर रिक्षा, आत बुरख्यातली एक बाई आणि तिच्या मांडीवर लहान मूल. मी म्हटलं, "पाय." तर त्याने पाय उचलला, पण उजवा. ब्रेकवरचा. आणि त्याला कळलंही नाही की तो उचलला गेलाय. गाडी हळूच घरंगळली आणि रिक्षाला मागून लागली. मोठा आवाजही झाला नाही. मूल दचकून रडायला लागलं.

रिक्षावाला उतरून आला. "अंधे हो क्या चाचा? ब्रेक नहीं है?"

"है," बाबा म्हणाला. "ब्रेक है."

तो खाली उतरला. रिक्षाजवळ जाऊन त्या बाईची माफी मागितली, मुलाला कुठं लागलं का ते वाकून पाहिलं. काही लागलं नव्हतं. मागून हॉर्नचा नुसता गजर चालू होता. मला वाटलं, आता तो येऊन गाडी बाजूला घेईल. पण तो स्टेअरिंगकडे आलाच नाही. त्याने रिक्षावाल्याच्या हातात चावी दिली आणि म्हणाला, "तू ही लगा दे भाई साइड में. मेरे से नहीं होगा."  तो माणूस आमच्या गाडीत चढला आणि ती एका दुकानासमोर लावून, चावी माझ्या हातात देऊन निघून गेला. आम्ही दुसऱ्या शेअर रिक्षाने घरी आलो. मी वाटभर रडत होते आणि बाबा माझ्या पाठीवर थोपटत होता. उलट व्हायला हवं होतं.

डॉक्टरांनी तळव्यांना टोचून पाहिलं आणि गाडी बंद म्हणून सांगितलं. ते सांगायची गरज नव्हती. पावलं जपा, अनवाणी फिरू नका, रोज तळवे आरशात बघा, असं बरंच काही सांगितलं. आईने ते सगळं पाठ केलं. काकाने नाक्यावरून आणलेली गाडी अंगणात उभी राहिली. बॅटरी उतरू नये म्हणून बाबा सकाळी ती चालू करून शेजारी उभा राहायचा. आत बसायचा नाही. शेवटी त्यानेच सांगितलं, विकून टाका.

अंबाडीकडून भाजीची ने-आण करणारा एक तिशीतला माणूस गाडी पाहायला आला. बॉनेट उघडलं, टायर पाहिले, खाली वाकून गॅसची टाकी पाहिली. मग जो तो विचारतो तेच त्याने विचारलं.

"काका, आवरेज किती देते?"

आम्ही सगळे ओटीवर होतो. काकाने घसा खाकरला, तो आता काहीतरी भन्नाट आकडा सांगणार होता. त्याच्या आधी बाबाच बोलला.

"चालवनाऱ्यावर हाय."

तो माणूस हसला. "आता काका, ह्या त समदेच बोलतात."

बाबाने चावी पुढे केली. "चालवून बग."

तो चालवायला बसला आणि बाबा पहिल्यांदा डाव्या सीटवर बसला, माझ्या जागेवर. गाडी फाट्यापर्यंत जाऊन आली. बाबा उतरताना दाराला धरून जरा थांबला, पाय जमिनीला लागला की नाही ते खाली बघून खात्री केली, आणि मग आईला म्हणाला, "दे त्याला."

आई म्हणाली, अजून भाव ठरला नाही, काय बोलताय.

"दे," बाबा म्हणाला. "पाय चांगला हाय त्याचा."