सोमसिरीच्या नावाचं पाणी

रोज दिवेलागणीला लोकुअम्मा खोबरेल तेलाचा दिवा लावायची, बुद्धाच्या तसबिरीपुढे हात जोडायची आणि दिवसभराचं पुण्य गेलेल्या माणसांना वाटून टाकायची. एकेकाचं नाव घेऊन. जो ज्या क्रमाने गेला त्याच क्रमाने. आई. वडील. सासू. मग नवरा मार्टिन, भाताच्या खाचरात ज्याला साप चावला. सगळ्यांत शेवटी कालू कुत्रा. "माझं काय थोडंफार असेल ते तुम्हाला पोचो," म्हणायची, जरा थांबायची, आणि ओठ मिटून वात पुढे सारायची.

सोमसिरीचं नाव त्यात कधीच नसे.

लोकुअम्मा माझ्या आईची थोरली बहीण. नाव एमलिन. आमच्या बेटाच्या दक्षिणेला, निळवला नदीच्या काठी, मातर शहराच्या वरच्या अंगाला आमचं गाव. तिच्या आणि आमच्या घरामध्ये एकच कुंपण. सोमसिरी तिचा एकुलता एक. एकोणनव्वद साली, मी जन्मायच्याही आधी, तो रॉकेल आणायला बसथांब्यापर्यंत गेला आणि बिननंबरच्या गाडीतून आलेल्या माणसांनी त्याला उचललं. तेव्हा दक्षिणेतलं बंड चिरडणं चालू होतं, आणि आमच्या भागातली कितीतरी पोरं अशी गेली. सकाळी नदीतून प्रेतं वाहत यायची. लोकुअम्मा पुलाखाली कमरेएवढ्या पाण्यात उभी राहायची. पालथं आलेलं प्रेत बांबूने उताणं करायची, चेहरा बघायची आणि हलकेच प्रवाहात सोडून द्यायची. खालच्या पुलावर दुसरी कुणी आई उभी असेल म्हणून.

सोमसिरी नदीतून आला नाही. कुठूनच आला नाही.

माणूस गेला की आमच्याकडे सातव्या दिवशी, तिसऱ्या महिन्यात आणि वर्षाने भंतेंना भोजनदान देतात. शेवटी घरचं माणूस झारीने वाटीत पाणी ओततं, वाटी भरून सांडेपर्यंत, आणि मेलेल्याचं नाव घेतं. ते पुण्य मिळालं नाही तर मेलेला भुकेला राहतो, आपल्याच घराच्या भिंतीबाहेर उभा राहून वाट बघतो, असं सगळे मानतात. लोकुअम्माही मानायची. म्हणूनच तिला सुटका नव्हती. पोरगा मेला असेल तर ती त्याला उपाशी ठेवत होती. आणि जिवंत असेल, तर ते पाणी ओतून तिने स्वतःच्या हाताने त्याला मारावं?

मग ती दुसरं पाणी घालायची. दर पौर्णिमेला घागर घेऊन टेकडीवरच्या विहारात जायची आणि बोधिवृक्षाच्या बुंध्याशी ओतायची. ती पूजा जिवंतांसाठी असते. संकट टळावं, आयुष्य वाढावं म्हणून. तिथे मात्र ती त्याचं नाव मोठ्याने घ्यायची.

विहिरीवर गावातली मागी नोना, म्हणजे मागीबाई, एकदा म्हणाली, "कुत्र्याला पुण्य देतेस आणि पोटच्या पोराला कोरडं ठेवतेस. धन्य आहे बाई तुझी!"

लोकुअम्माने पोहरा खाली ठेवला. "कुत्रं मी माझ्या हाताने पुरलंय. पोराचं तू काही पाहिलं असलंस तर सांग. आत्ता ओतते."

मागी नोना घागर न भरताच गेली.

अशी पंचवीसहून जास्त वर्षं गेली. मी कॉलेजात होते तेव्हा आमच्या विहारात मोठा मेळावा ठरला. वैशाखी पौर्णिमा, बुद्धाला बोध झाला तो दिवस. थायलंड, व्हिएतनाम, जपान, कोरियाहून भिक्षू आणि भिक्षुणी यायचे होते. उत्तरेकडचं युद्ध संपूनही काही वर्षं झाली होती. थोरल्या भंतेंच्या मनात आलं की या वेळी शांततेची नुसती भाषणं नकोत. दक्षिणेतल्या पोरं गमावलेल्या आया आणि उत्तरेतल्या तमिळ आया एका चटईवर बसाव्यात, आणि सर्वांनी आपापल्या मुलांसाठी पाणी ओतावं.

व्यवस्था पियदास मास्तरांकडे होती. ते लोकुअम्माच्या पायरीवर येऊन बसले.

"एमलिन, तुला पहिल्या रांगेत बसवतोय. साता समुद्रापलीकडचे भंते येतायत."

"मी चुलीपाशी बरी. फणसाची भाजी कोण करणार? तुम्ही?"

"मी केली तर शांतता कायमची होईल. जेवलेला एकही उठायचा नाही."

ती हसली. मग हसू पुसून म्हणाली, "मास्तर, माझ्या पोराचं नाव भोंग्यावर घ्यायचं नाही. सांगून ठेवते."

"नाही घेत, बाई."

मेळाव्याच्या दिवशी टेकडीच्या वाटेवर बांबूच्या कामट्यांचे कागदी कंदील लटकत होते. दिवसाउजेडी ते नुसतेच वाऱ्यावर हलत होते. लोकुअम्माने पहाटेपासून नारळाच्या दुधातला भात आणि फणसाची भाजी केली. भंतेंचं भोजन झालं. स्वयंपाक करणाऱ्यांनीही पुण्य घ्यायला मंडपात यावं असा रिवाज आहे, म्हणून ती ओल्या हातांनीच येऊन मागे टेकली. उत्तरेकडच्या एका बाईने सरकून तिला चटईवर जागा दिली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. बाईने तिच्या कपाळावरचा घाम पाहिला आणि आपल्या हातातला कागदी पंखा तिच्याकडे वळवला.

मास्तर भोंग्यावर एकेक नाव घेऊ लागले. ज्याचं नाव येई त्याच्या आईपुढे एक तरुण व्हिएतनामी भिक्षुणी दोन्ही हातांनी झारी धरून वाके. आई पाणी ओते. सगळे भिक्षू एका सुरात म्हणत: भरलेल्या नद्या जशा सागराला भरतात, तसं इथे दिलेलं गेलेल्यांना पोचो.

आणि मग मास्तरांचा आवाज आला, "सोमसिरी. एमलिन नोनांचा मुलगा."

मला वाटलं, चुकून घेतलं. पण शेजारी आईकडे पाहिलं तर तिने तोंड झाकून घेतलं होतं.

भिक्षुणी लोकुअम्मासमोर येऊन वाकली. सगळा मंडप मागे वळून बघत होता. लोकुअम्माने आधी माझ्या आईकडे पाहिलं. मग मंडपाच्या दाराकडे पाहिलं, बराच वेळ, कुणी उन्हातून येऊन उंबऱ्याशी थबकावं आणि आपण त्याला ओळखायचा प्रयत्न करावा तसं. मग झारी घेतली. वाटी भरली, खालची ताटली भरली, पाणी चटईवर आलं, तरी ती थांबली नाही. भिक्षू म्हणायचे थांबले. झारी पार रिकामी झाली, तरी तिने ती वाकडीच धरून ठेवली होती. शेवटी शेजारच्या बाईने तिच्या मनगटाला हात लावला.

टेकडी उतरताना आई तिच्या मागून रडत चालली होती.

"अक्का, मार मला. पण बोल काहीतरी."

"मास्तरांना तू सांगितलंस?"

"तुझं मन वळलंय, असं सांगितलं. खोटं बोलले मी. अक्का, तो स्वप्नात येतो गं. भिंतीबाहेर उभा असतो, पाणी मागतो. मी कडेवर वागवलाय त्याला."

"तुझ्या येतो," लोकुअम्मा म्हणाली. "माझ्या कधी आला नाही. मला वाटायचं, कुठेतरी आहे, म्हणून येत नाही."

मला राहवलं नाही. "मग ओतलंस कशाला, लोकुअम्मा? नाही म्हणायचं होतंस."

"मोठ्याने नाव घेतलं होतं, पोरी. हाक ऐकून आला असेल, तर दारातून रिकाम्या हाताने परत पाठवू?"

एवढं म्हणून ती आमच्या पुढे उतरू लागली. 

गावात मात्र सगळे खूश होते. मागी नोना स्वतः होऊन पिकलेली केळी देऊन गेली. "आता बघा," मास्तर भेटेल त्याला सांगत, "एवढ्या वर्षांनी त्या माउलीला शांती मिळाली. मेळाव्याचं सार्थक झालं." भंतेंनी तिला आशीर्वादाचा पांढरा दोरा बांधला. तिने हात पुढे केला, नमस्कार केला, चहा घेऊन जा म्हणाली.

पुढच्या पौर्णिमेला ती टेकडीवर गेली नाही. घागर घेऊन मी बोलवायला गेले, तर म्हणाली, "कुणासाठी घालायचं आता झाडाला? तू घाल, तुझ्या परीक्षेसाठी."

आणि संध्याकाळी दिव्यापुढे ती अडखळू लागली. सोमसिरीचं नाव आता घ्यायला हवं होतं, पण क्रम मोडून कसं घ्यायचं? सासू तो असताना गेली, मार्टिन त्याच्या नंतर. मधे त्याची जागा. तिथपर्यंत आली की तिचा आवाज थांबायचा. ती परत आईपासून सुरू करायची. आई, वडील, सासू. आणि पुन्हा तिथेच. कुंपणाच्या अलीकडे माझी आई हातातलं काम टाकून ऐकत राहायची. कधी कधी तेल संपून दिवा विझायचा, मार्टिन आणि कालू तसेच राहून जायचे.

वर्षाच्या आत तिने अंथरूण धरलं. मातरच्या डॉक्टरांना मोठं काही सापडलं नाही. खायला घाला, म्हणाले. आई रोज पेज करून न्यायची. लोकुअम्मा दोन घोट घ्यायची, "मीठ बरोबर आहे" म्हणायची, आणि भिंतीकडे वळायची. आईला तिने एकदाही दोष दिला नाही. आईला तेच सोसलं नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी मी तिच्याजवळ होते. भात टाकायला डब्यातून तांदूळ काढत होते. त्या घरात तांदूळ नेहमी एका माणसाचे जास्त पडायचे. मी लहानपणापासून तसेच घेत आले होते, कारण विचारायचं कधी सुचलं नव्हतं. सुपातला आवाज ऐकून तिने मान वळवली.

"एवढे कशाला गं घेतेस?" ती म्हणाली. "दोघीच तर आहोत."