धूळ धरणारा साहेब

धूळ बघून खुश होणारा माणूस आख्ख्या मुरबाड तालुक्यात मी एकच बघितला, आणि तो नेमका माझ्याच पडवीत भाड्यानं राहिला. आमचं वैशाखरे माळशेजच्या रस्त्याला. ट्रकांची धूळ भाकरीवर बसायची, आमी ती फुंकून खायचो. हवा तपासायच्या नोकरीवर आलेला हा एवढा शिकलेला माणूस ती धूळ गोल पांढऱ्या कागदावर धरायचा, डबीत ठेवायचा, वर चिठ्ठी चिकटवायचा. छपरावर त्यानं हवा ओढायचं मशीन बसवलं होतं, ते दिवसभर घुंई घुंई करायचं. सकाळी मी झाडू उचलला की हा धावत बाहेर. "आजी, थांबा, कागद काढतो, मग झाडा!" सुनेनं असं केलं असतं तर मी चांगली बोलली असती.

त्याच्याकडं एक टिकटिक करणारी पेटी पण होती. दगडामातीतून किरण निघतात, ते डोळ्याला दिसत नाय, पेटीला कळतात म्हणायचा. मग काय, पाट्याला लाव, चुलीला लाव, विहिरीच्या काठाला लाव. शेजारची यमुना घाबरत आली. "गो, तुझ्या घरात किरण सापडलं म्हणं!" म्हटलं, "उद्या तुझ्याकडं पण सापडतील, तो येतोय." साहेब तिला समजवायला गेला. "मावशी, भिऊ नका. थोडे सगळीकडंच असतात. दगडात, केळ्यात, तुमच्यात, माझ्यात." तवापासून यमुनेनं केळं सोडलं ते सोडलंच. मला पेटी लावली तवा ती टिकटिकली. म्हटलं, "चला, जीव हाय म्हणायचा अजून."

एकदा जेवताना त्यानं विचारलं, आजोबा कशानं गेले? मी सांगितलं, खडी फोडायला जायचे, खोकला घेऊन आले, आणि तो खोकला त्यांना घेऊन गेला. पोरं लहान होती, मी मजुरी केली, झालं. त्याचा घास हातातच राहिला. म्हटलं, "जेव रे, भात थंड होतोय."

मग राब भाजायचे दिवस आले. भाताचं रोप जिथं करायचं तिथं फांद्या, पातेरा, शेण पसरून जाळायचं, म्हंजे तण मरतं आणि रोप तरारून येतं. मी सगळा उन्हाळा डोक्यावरनं पातेरा आणलेला. आणि हा हात जोडून उभा. "आजी, अमावस्येपर्यंत पेटवू नका. आमच्या सरांना रानातली स्वच्छ हवा पाहिजे. धूर आला तर माझं सगळं काम वाया."

घाटावर ढग दिसायला लागलेले. मी म्हटलं, "अरे साहेबा, राब भिजला तर रोप नाय. रोप नाय तर वर्षभर मी खाऊ काय, तुझा कागद?"

तो मोबाइल घेऊन टेकडीवर गेला, तिथंच रेंज यायची. त्याचं ओरडणं सगळ्या गावानं ऐकलं. "सर, इथं माणसं राहतात! हा धूर पण इथलीच हवा आहे, सर!" खाली आला तो घामानं भिजलेला. म्हणाला, "पेटवा आजी. सर रागावलेत, पण पेटवा."

मी पेटवला. तर यानं मशीन छपरावरनं उतरवून, लांब वायर ओढून, बरोबर धुराच्या तोंडाशी ठेवलं, आणि स्वतः पण तिथंच उभा! "अरे, मशीन राहू दे, तू बाजूला हो!" "कागद कोण बदलणार, आजी?" खोकत होता, डोळे पुसत होता, आणि वाऱ्यानं जाळ अंगावर आला तवा दोन्ही भुवया होरपळल्या. यमुना म्हणाली, "गो, याचं डोकं फिरलं." तो मात्र काळाकुट्ट कागद दोन्ही हातांवर घेऊन आला, बाळंतिणीचं पोर दाखवावं तसा. "आजी, बघा, काय झकास काळा आलाय!"

त्या वर्षी रोप असं आलं, की मी यमुनेला पण दिलं. लावणीच्या आधीच त्याची बदली झाली. भुवया अजून अर्ध्याच उगवलेल्या. दिवाळीनंतर एकदा फोन आला, "आजी, भात कसं झालं?" म्हटलं, "चांगलं झालं. ये खायला." येतो म्हणाला. एवढ्या वर्षांत माझं भात कसं झालं ते लांबनं फोन करून कोणी विचारलं नव्हतं.

आता राबाला आगटी लावायच्या आधी मी वारा बघते. धूर जिकडं जाणार तिकडं कोण उभा तर नाय ना, ते बघते. कोण नसतो. मग पेटवते.