हिरव्या स्टिकरची डबी

हिमायतनगरहून नांदेडला निघालेल्या एसटीत माझ्या मांडीवर बर्फाचा एक डबा होता. तिकीट देता देता कंडक्टरनं त्याच्याकडे पाहिलं.

"खवा हाय का?"

"न्हाई. कॉलेजचं काम हाय."

"आता कॉलेजातबी खवा लागून राहिला का?"

मागच्या सीटवरच्या मावशी हसल्या. मी डबा पोटाशी धरला. आत बर्फात दोन छोट्या डब्या होत्या. लाल स्टिकरच्या डबीत माझ्या थोरल्या बहिणीची सकाळची शी होती, हिरव्या स्टिकरच्या डबीत माझी. हे लिहायला मला अजून संकोच वाटतो. पण मी मायक्रोबायोलॉजी शिकते, आणि आमच्या मॅडम म्हणतात, ज्याला शी म्हणायची लाज वाटते त्यानं दुसरा विषय घ्यावा.

आक्काला लिव्हरचा एक आजार आहे, जन्मापासूनचा, आईबाबांच्या रक्तातून आलेला. जेवणातून थोडं तांबं सगळ्यांच्याच पोटात जातं आणि नको असलेलं बाहेर पडतं. आक्काच्या शरीराला ते बाहेर टाकता येत नाही, मग ते लिव्हरमध्ये साचतं. ती दहावीत असताना तिचे डोळे पिवळे झाले आणि लातूरच्या डॉक्टरांनी हे शोधून काढलं. तेव्हापासून गोळ्या सुरू, शेंगदाणे आणि तीळ बंद. आमच्याकडे कूट बंद म्हणजे निम्मा स्वयंपाकच बंद. आईनं तांब्याचा हंडा मोडीत दिला. तरी दर दिवाळीला कोणी ना कोणी पाहुणी "लिव्हरला लई चांगलं असतंय" म्हणून आक्काला तांब्याची बाटली देतेच. आक्का ती हसून घेते आणि पुढच्या लग्नात दुसऱ्या कुणाला तरी आहेर करते.

अशा माणसांच्या आतड्यातली जिवाणूंची वस्ती निरोगी माणसांपेक्षा वेगळी असते का, हे आमच्या मॅडम बघत आहेत. त्यासाठी त्यांना एकाच घरात, एकाच चुलीवरचं खाणारी दोन भावंडं हवी होती, एक आजारी आणि एक निरोगी. असं घर कुणाला माहीत आहे का, असं त्यांनी वर्गात विचारलं. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. तोवर वर्गात मी एकदाही हात वर केला नव्हता. त्या दिवशी केला. मॅडमनी मला कामातच घेतलं. मी इतकी हरखले की फॉर्मवरच्या "निरोगी भावंडाची या आजाराची तपासणी झाली आहे का?" या प्रश्नापुढे "हो"वर खूण करून टाकली.

"रिपोर्ट नंतर जोड," मॅडम म्हणाल्या.

रिपोर्ट नव्हताच. आक्काचा आजार सापडला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं की सख्ख्या भावंडाला तो असू शकतो, धाकटीचंही रक्त तपासा. मी तेव्हा आठवीत होते. सुई पाहिली आणि म्हणाले, "मला संडासला जायचंय." जी गेले ती दवाखान्यासमोरच्या रसवंतीमागे जाऊन बसले. एसटीची वेळ झाल्यावरच उगवले. बाबा आधीच दमलेले. "फुडच्या बारीला बघू," म्हणाले. पुढच्या बारीला मला शाळा होती, मग परीक्षा, मग सगळेच विसरले. मी गुबगुबीत होते, धडधाकट होते. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या माणसाच्या लिव्हरमध्येही तांबं गुपचूप साचत राहतं, हे मी पुढे पुस्तकात वाचलं, आणि पान उलटलं.

नमुन्याआधी तीन दिवस दोघींनी सारखंच खायचं होतं आणि ते लिहून ठेवायचं होतं. म्हणजे मलाही कूट बंद. तिसऱ्या दिवशी मी फडताळातून चमचाभर शेंगदाण्याची चटणी तोंडात टाकली. मागे आक्का उभी.

"लिही," ती म्हणाली.

"एकच चमचा होता."

"मंग एक चमचा लिही. शास्त्रज्ञ हायस ना?"

लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आक्काचा नमुना साडेसहाला तयार. माझं पोट मात्र रुसलेलं. नऊची एसटी पकडायची होती. आई दार वाजवत होती, "अगं माय, पोटाची काय परीक्षा हाय का? किती येळ!" आक्का बाहेर मशीनवर ब्लाउज शिवत हसत होती. शेवटी एकदाचं जमलं. मी डबी आक्काच्या हाती दिली आणि तयारीला पळाले. स्टिकरं तिनं लावली, आजारी भावंडाला लाल, निरोगीला हिरवं, आणि डब्या बर्फातही तिनंच ठेवल्या.

विभागात पोचून डब्या फ्रीजरमध्ये ठेवल्या तोच आक्काचा फोन.

"पोचली का माझी हिरवी डबी?"

"तुझी लाल आहे आक्का."

"हिरवी. मी बदलून लावल्या."

मला वाटलं थट्टा करतेय. "आक्का, असं नसतं करायचं! सगळं काम चुकीचं होईल."

"व्हऊ दे. तू निरोगी हायस हे कुणी ठरवलं?"

मी फ्रीजरचं दार लावलं.

"दवाखान्याच्या खिडकीतून रसवंती दिसत होती बाई. तुझी लाल रिबीनबी दिसत होती. तवा चहाडी केली न्हाई. तू लहान होतीस, घाबरली होतीस. आता काय झालंय?" मशीनचा आवाज थांबला होता. "माझे डोळे पिवळे व्हईपर्यंत मलाबी कुठं म्हाईत होतं?"

फोन ठेवला आणि विचार केला, गुपचूप स्टिकरं पुन्हा बदलावीत. पण आक्का खरं बोलली की तिनं चेष्टा केली, हेही ठाऊक नव्हतं. मग मॅडमसमोर जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगितलं, स्टिकरांचं, खूण केल्याचं, रसवंतीचंही. मॅडमनी ऐकून घेतलं.

"स्टिकर बहिणीनं लावलं. खूण कुणी केली?"

"मी."

त्यांनी दोन्ही नमुने बाद केले. माझी सकाळची सगळी मेहनत गेली. "रिपोर्ट घेऊन ये. कामात राहायचं की नाही ते मग बघू. आणि रिपोर्ट माझ्यासाठी आणू नकोस, कळलं?"

आठवड्यानं आक्का आणि मी लातूरला निघालो. या तपासणीला चोवीस तासांची लघवी एका मोठ्या कॅनमध्ये साठवून न्यावी लागते. मागच्या वेळी मांडीवर छोटा डबा होता, या वेळी पायाशी कॅन. कंडक्टर वेगळा होता, पण आक्का तीच.

"तेल हाय का?" कंडक्टरनं विचारलं.

"हाव," आक्का म्हणाली. "घरच्या घाण्याचं. पायजे का?"

मी खिडकीबाहेर तोंड केलं.

दवाखान्यात एका डॉक्टरांनी दिवा लावून, बुबुळाभोवती तांब्याचं कडं दिसतंय का म्हणून माझे डोळे तपासले. मग रक्त घ्यायला बसवलं. सिस्टरनी सुई काढली, तशी आक्कानं स्टूल ओढून दारात टाकलं आणि त्यावर ठाण मांडलं.

"संडासला जायचंय का?" तिनं विचारलं.

सिस्टरना काही कळलं नाही. मी हसायला लागले, आणि हसता हसता सुई टोचूनही झाली.

रिपोर्ट यायला दिवस लागले. ते दिवस मी नीट जेवले नाही, हे मॅडमच्या कामाच्या वहीत लिहिलेलं नाही. रिपोर्टात आजार नव्हता. मी कागद आक्काच्या हातात दिला. तिनं तो दोनदा वाचला, घडी घातली, आणि क्षणभर मशीनच्या चाकावर हात ठेवून नुसती बसली. या घरात आता ती एकटीच लाल होती.

मग तिनं मशीनचा खण उघडला. आत बॉबिनांमध्ये जादाचं एक हिरवं स्टिकर होतं. तिनं ते सोलून माझ्या कपाळावर चिकटवलं.

"आता लावलं बरोबर," ती म्हणाली. "आणि ऐक, त्या दिवशी मी काय बी बदललं नव्हतं. उद्यापासून परत कूट बंद. तीन दिवस."