वन्संचा हट्टी दोर

माझी नणंद माझ्याहून लहान, तरी मी तिला वन्सं म्हणते. चिडवायला. तिला चिडायलाही वेळ नसतो म्हणा. ती गणितात संशोधन करते, आणि ते गणित म्हणजे आकडे नव्हेत, गाठी! दोराची दोन टोकं जोडायची आणि तो गुंततो कसा, सुटतो कसा, हे शोधायचं. घरात पाहावं तिकडे दोर. उरलेल्या वेळात व्यायामशाळेतल्या खोट्या कड्यावर पालीसारखी चढते, नाहीतर माउथऑर्गन वाजवते. चढते तेच बरं, निदान कानांना आराम.

मी बाहेरच्या खोलीत पार्लर चालवते, म्हणून तिने तिचा प्रश्न मला केसांवरून समजावला. जो गुंता सुटणारच आहे, तो सोडवताना कमी कमीच होत जाणार ना? मध्येच वाढवावा तर लागणार नाही? गुंत्यांच्या एका जातीबद्दल सगळे जाणकार म्हणत होते, नाहीच लागणार. पण सिद्ध कुणी केलं नव्हतं. ते करायला आमच्या वन्सं निघाल्या होत्या.

केलंही. कागदांची चळत घेऊन मार्गदर्शक बाईंकडे गेली. बाईंनी एका ओळीवर बोट ठेवलं. तिथे हिने लिहिलं होतं, 'हे उघडच आहे.' बाई म्हणाल्या, "कसं?" हिला सांगता येईना. गणितवाल्यांची ही खोडच आहे म्हणे, 'उघड' लिहितात तिथेच पाणी मुरत असतं. सगळी सिद्धता कोसळली. त्यात महिनाअखेरीला समिती बसणार होती, हिला मुदतवाढ द्यायची की नारळ, हे ठरवायला.

"पुरे झालं आता," आमचे हे म्हणाले. "आमच्या विमा कंपनीत ये."

माझं डोकंच फिरलं. "तुम्ही गप्प बसा हो! बहीण आहे तुमची, बिघडलेला पंखा नव्हे, इथून काढून तिथे लावायला."

मग एका दुपारी मी गिऱ्हाइकाच्या केसांना रंग लावत होते, तर ही आतून धावत आली. "वहिनी, खोटं आहे! साफ खोटं!"

मी तशाच रंगलेल्या हातांनी तिला कुशीत घेतलं. "रडू नकोस गं. जग काही बुडत नाही."

"अगं, रडतंय कोण? सगळे म्हणत होते तेच खोटं आहे! एक गुंता असा सापडलाय, वाढवल्याशिवाय सुटतच नाही. समजूत खोटी पाडायला एक पुरतो, वहिनी!"

आता लोक सांगतात, तिला हे कड्यावर चढताना सुचलं. सुचलं डोंबल! टेबलाशी बसून मान मोडेपर्यंत आकृत्या काढल्या तिने. कड्याने फार तर मान सरळ ठेवली.

समितीच्या दिवशी हे आणि मी मागच्या बाकावर बसलो. वन्संनी तो गुंता दोरावर घालून समोर ठेवला, न वाढवता करता येणारी प्रत्येक चाल फळ्यावर मांडली आणि एकेक बाद केली. तेव्हा पुढच्या रांगेतले म्हातारे प्राध्यापक उठले. त्यांचे दोन निबंध त्या जुन्या समजुतीवरच उभे होते.

"दोर द्या इकडे," ते म्हणाले.

चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी खटपट सुरू केली. इकडून ओढलं, तिकडून काढलं. प्रत्येक वेळी अडकायचं. म्हातारा रागावला तर संपलंच!

"सर," वन्सं हळूच म्हणाली, "आधी वाढवा."

त्यांनी एक फेरा जास्तीचा घातला. दुसरा काढला. आणि दोर भसकन सुटून त्यांच्या हातात साधं कडं होऊन लोंबायला लागला.

ते मग खदखदून हसले. "गेले माझे दोन निबंध!" आणि अध्यक्षांकडे वळून म्हणाले, "मुदतवाढ कसली देताय हिला? काम झालंय पोरीचं. पदवी द्या!"

मला राहवलं नाही. दोन बोटं तोंडात घालून मी सणसणीत शिट्टी मारली. सगळं गणित खातं मागे वळलं. आता हे मला दटावणार, म्हणून मी बाजूला पाहिलं, तर ह्यांनी डोळे पुसत दुसरी मारली.