पांढऱ्या उंदरिणी आणि आमच्या वन्सं

उंदराची मादी वयात आली की नाही, हे मी शेपटी उचलून एका नजरेत सांगू शकते. चारचौघींत सांगायची ही विद्या नव्हे, म्हणून कधी सांगितली नाही. पण मला लाज वाटते ती ह्याची नव्हे. ज्याची वाटते ते आजवर कोणाला बोलले नाही, ते आज लिहून टाकते.

आमचे हे डॉक्टर. रत्नागिरीला यायच्या आधी मुंबईत एका प्रयोगशाळेत होते. तिथल्या साहेबांनी ह्यांच्या गळ्यात एक काम मारलं. आमच्याकडची पेज, नाचणी आणि सुकट खाऊन वाढलेल्या उंदरिणी किती दिवसांत वयात येतात, ते बघायचं. झालं, आगबोटीतून पांढऱ्या उंदरांच्या चार पेट्या आल्या. मांडवीला पडावातून उतरवताना खलाशी म्हणाला, "डॉक्टर, रत्नागिरीत उंदीर कमी पडले काय?" सुकट दारात येणार म्हणून सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला. शेवटी पेट्या मागच्या पडवीत आणि सुकटीचा डबा गोठ्यात, असा तह झाला.

हे दिवसभर इस्पितळात, तेव्हा उंदीर पडले माझ्या गळ्यात. मी एकोणीस वर्षांची. ह्यांनी पहिल्या दिवशी पिल्लाची शेपटी उचलून दाखवली, तेव्हा मी "इश्श" म्हणून पदर तोंडाला लावला. हे म्हणाले, "पदर नंतर. आधी बघ." लहान मादीची वाट कातडीनं बंद असते. ती उघडली की मादी वयात आली. त्या दिवशी तिचा जन्म होऊन किती दिवस झाले, ते वहीत मांडायचं. आणि एक नियम मात्र पक्का. वाट उघडली तरी मादी नराजवळ सोडायची नाही, आणखी दीड-दोन महिने वेगळीच ठेवायची. मी विचारलं, का हो? तर म्हणाले, "भाताला लोंबी आली म्हणून कोणी विळा घेऊन शेतात शिरतं का?"

ह्या कामात मला सोबत होती ती माझ्या धाकट्या नणंदेची. वय तेरा. मी तिच्याहून सहा वर्षांनी मोठी, तरी रीत म्हणून मी तिला वन्सं म्हणे आणि अहो-जाहो करी. ती मात्र मला बिनदिक्कत "गो वैनी" म्हणून हाक मारी. अकराव्या वर्षी तिचं लग्न झालं होतं, संगमेश्वराकडच्या घरात. न्हाण आलं की पाठवायची, असं ठरलेलं. तिकडून येणारा प्रत्येक पाव्हणा विचारी, "काय, साखर कधी वाटताय?" मग ही पडवीत पळे आणि शेपटीला बाक असलेल्या एका पिल्लाला तळहातावर घेऊन बसे. ते तिचं लाडकं.

एका सकाळी विहिरीवर मला तिच्या परकरावर डाग दिसला. तिनंही माझ्याकडे बघितलं, आणि कळशी तिथंच टाकून माझा हात धरला.

"वैनी, आईला सांगू नको हां. माझ्या थोरल्या जाऊबाई बाळंतपणात गेल्या, तेव्हा सणाला म्हणून मी होते तिथं. मला नाही जायचं गो इतक्यात. थोडे दिवस तरी."

"नाही सांगत," मी म्हटलं. "तुमच्या गळ्याची शपथ, वन्सं."

दोन महिने मी शब्द पाळला. तिचे कपडे मी धुतले. त्या चार दिवसांत ती देवाच्या खोलीकडे फिरकू नये म्हणून डोकेदुखी, पोटदुखी, काय वाटेल त्या सबबी काढल्या. पडवीत मात्र ती येई. उंदरांना कसलं आलंय सोवळं, असं मी स्वतःलाच समजावलं. पण खरं सांगते, मनात धाकधूक होतीच. विटाळशीच्या सावलीनं पापड लाल होतात, लोणचं नासतं, हे मी माझ्या आईच्या तोंडून ऐकत वाढले होते.

त्यात पापडांचे दिवस आले. लाटण्यापुढे मान वर करायला उसंत नव्हती. पिल्लं मोठी झाली की नर वेगळे काढायचे, ते मी एका पेटीतले काढायचे विसरले. आठवड्यानं काढले आणि गप्प बसले. ह्यांना सांगायची छाती झाली नाही. त्याच पेटीतल्या वाकड्या शेपटीच्या मादीची वाट उघडून तेव्हा जेमतेम चार दिवस झाले होते. पुढे तिचं पोट दिसू लागलं, तेव्हा हे आठ दिवसांसाठी मुंबईला गेले होते.

एका सकाळी पडवीत गेले, तर तिच्या पेटीत रक्त. सात-आठ पिल्लं झाली असावीत, दोन उरली होती आणि तीही अर्धी. आईनंच खाल्ली होती. मी किंचाळले. वन्संची विटाळाची ती तिसरी खेप होती, आणि आदल्याच संध्याकाळी त्यांनी त्या पेटीत हात घालून गवत सारखं केलं होतं. माझ्या डोक्यात एकच आलं, विटाळ! नराची गोष्ट आठवलीसुद्धा नाही. की आठवली आणि मी ती दडपली? इतकी वर्षं झाली, मला अजून सांगता येत नाही.

सासूबाई धावत आल्या. पेटी बघितली आणि माझ्याकडे वळल्या. "कोण शिवलं ह्याला? तू? ह्या उंदरांपायी बाहेरची असून लपवलंस होय गं सटवे? माझे देव बाटवलेस?"

"मी नाही," मी म्हटलं. "वन्सं."

बस्स, एवढंच बोलले. वन्सं दारातच उभ्या होत्या.

सासूबाईंनी आधी कपाळावर हात मारून घेतला, मग घरभर गोमूत्र शिंपडलं, आणि दुपारी त्यांचा चेहरा उजळला. मुलीला न्हाण आलं, आनंदाची गोष्ट! साखर वाटली, केळीचे खांब आणून मखर केलं. हिरवी चोळी घालून वन्सं त्यात बसल्या. बायका गाणी म्हणत होत्या आणि मी पानं वाढत होते. माझ्याकडे एकदा बघतील असं वाटत होतं. बघितलं नाही.

हे आले, तोवर संगमेश्वराहून दिवस ठरून आला होता. ह्यांनी मादी हातात घेऊन वही चाळली. "विटाळ कसला बोडक्याचा? अगं, कोवळी होती ही. वयात आली म्हणजे आई व्हायला तयार झाली का? नर काढायला कोण विसरलं?"

मी म्हटलं, "मी. आणि वन्संचं काय हो? त्याही कोवळ्याच आहेत."

ह्यांनी वही मिटली. "आईपुढे माझं काय चालतंय?" म्हणाले. उंदरांसाठी जाळीची दारं करून घेणारा माणूस, बहिणीसाठी तोंड उघडेना! मला संताप आला. पण कोणत्या तोंडानं बोलणार? तोंड उघडून माती तर मीच खाल्ली होती.

वर्षाच्या आत वन्सं पहिलटकरीण म्हणून माहेरी आल्या. दोन दिवस आणि दोन रात्री अडल्या. ह्यांनी जीव वाचवला. मूल गेलं.

बाराव्या दिवशी मी शेक द्यायला खोलीत गेले. तेव्हा त्या आपण होऊन माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या.

"वैनी, ती वाकड्या शेपटीची आहे?"

"आहे की."

"तिला परत नराकडे सोडलीस?"

"लगेच नाही हो. ह्यांनी सांगितलं, अंगात ताकद येईपर्यंत वेगळी ठेव. चार महिने ठेवली होती."

त्यांनी पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं. मग म्हणाल्या, "मला सव्वा महिना झाला की न्यायला येणार आहेत."

शेगडीतले निखारे विझत आले होते, ते मी फुंकत बसले. सव्वा महिना झाला, त्याच दिवशी गाडी आली. त्यांचं गाठोडं मीच बांधून दिलं.